वरचं गोडं पाणी

फाल्गुन लागला आणि आमच्या रोहा-अष्टमीच्या घरातली मिठाची बरणी पुन्हा पाझरू लागली. बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं आईने बोटांनी चाचपलं, बोटं पदराला पुसली आणि म्हणाली, "नंदे, हवा फिरली गो. पानी येनार." मी मोबाइलमध्ये पाहिलं. तिथेही ढगाचं चित्र होतं. मोबाइलचं आणि बरणीचं एरवी फारसं पटत नाही, पण या वेळी दोघांचं एकमत झालं होतं.

फाल्गुनातला पाऊस म्हणजे आमंत्रण नसताना पंगतीत येऊन बसलेला पाहुणा. आंब्याचा मोहोर झडतो, शेतातला वाल काळा पडतो, शिमग्यासाठी रचलेली लाकडं भिजतात. अलीकडे तो वरचेवर येतो, आणि त्याचं कोणाला नवल वाटेनासं झालं आहे. रोह्याच्या बाजारात लोक छत्री नसल्याची कुरकुर करतात आणि दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहतात. आमच्या घरात मात्र ढग दिसला की आई हातातलं काम सोडते. गॅलरीत खुर्ची ओढून कुंडलिका नदीच्या दिशेला तोंड करून बसते, आणि मला एकच मोसम आठवत राहतो.

आमचं गाव वडखळच्या पुढे, खाडीच्या काठाला. पावसाळा सरल्यावर त्या सगळ्या भागात काही ना काही वाळत असायचं. हमरापूरला गणपती वाळायचे, पेणला पापड वाळायचे आणि आमच्या गावात समुद्र वाळायचा. शाळेत असताना मी हे वाक्य निबंधात लिहिलं होतं, तर गुरुजींनी त्याखाली लाल रेघ मारून 'समुद्र वाळत नाही' असं लिहिलं. बाबांना दाखवलं तर ते पोट धरून हसले. "गुरुजींना सांग, शिमग्याला ये नि वाळलेला समुद्र पाटीत भरून न्ये."

मिठागर म्हणजे समुद्राला घरात घ्यायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. दिवाळीनंतर बांध लिंपायचे. मग खणांची, म्हणजे बांधांनी आखलेल्या वाफ्यांची, जमीन पायांनी तुडवायची. बायका-पुरुष एका ओळीत उभे राहून एका तालात पाय आपटत पुढे सरकायचे, चिखल दगडासारखा घट्ट होईपर्यंत. आईचा पाय त्या ओळीत सगळ्यांत आधी पडायचा, असं तिच्या वयाच्या बायका अजून सांगतात. मोठ्या भरतीला बांधातल्या उघाडीचं दार उचललं की खाडीचं पाणी आत यायचं, आणि मग एका खणातून दुसऱ्या खणात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, प्रत्येक खणात थोडं आटत, थोडं जड होत चालायचं. शेवटच्या खणात पोचेपर्यंत त्याला लालसर झाक आलेली असायची. दुपारच्या उन्हात वर मिठाची पातळ साय धरायची, आणि ती साय मोडून तळाशी गेली की बाबांचा चेहरा उजळायचा. पाणी पिकलं, असं ते म्हणत.

बाबा बोलके होते. हवामानावर तर जरा जास्तच. आकाशाकडे बघून ते छातीठोकपणे सांगत, आणि ते बहुतेक वेळा चुकत. आज पाऊस नाही म्हणाले की आई गुपचूप वाळवण आत घेई. पण पाऊस पडून गेल्यावर काय करायचं, यात मात्र त्यांची चूक होत नसे.

पाऊस पडून गेला की पाण्यात पाय नाही. आमच्या घरचा हा एकच कायदा होता. बाकी सगळ्या बाबतीत लाडाने सूट मिळायची, यात नाही. कारण असं की पावसाचं पाणी गोडं, म्हणून हलकं. खणातलं पिकलेलं पाणी खारं, म्हणून जड. पाऊस थांबला, वारा पडला, की गोडं पाणी खाऱ्याच्या वर तसंच पसरून राहतं, दुधावर तूप राहावं तसं. ते वरच्या वर उतरवून टाकलं तर खालचं मीठ वाचतं. पण मध्येच कुणी पाय घातला, दोन्ही पाणी ढवळलं, की इतक्या दिवसांचं ऊन फुकट गेलं. म्हणून पाऊस ओसरला की बाबा बांधावर उभे राहून सगळ्यांना दटावत. कुत्रा बांधला जाई. बगळा उतरला तर त्यालाही शिवी मिळे. मग ते खणाच्या तोंडाशी उकिडवे बसून, श्वास रोखून, आडव्या लावलेल्या फळ्यांपैकी सगळ्यांत वरची अलगद काढत. गोड्या पाण्याचा पातळ पदर कडेने वाहून जाई. आम्ही सगळे बांधावरून लांबचा वळसा घालून पलीकडे जायचो. खण समोर असे, पाणी घोट्याएवढं, चार ढांगांत पार होईल असं, तरीही वळसाच. लहानपणापासून पायांना तीच सवय झाली होती.

मला एकदा त्यांनी गंमत दाखवली होती. बांधावर पालथी निजवून माझा हात पाण्यात सोडायला लावला, हळू, अजिबात न हलवता. वर गार पाणी. मनगट बुडालं आणि खाली चटका बसला. आंघोळीचं पाणी तापवलेलं असावं तसं. मी हात झटकणार तोच त्यांनी तो धरून ठेवला. "वर गार, खाली कढत," ते म्हणाले. "ऊन वरनं आत जातं, पन त्याला भायर यायला वाट नाय. खारं जड, ते वर येत नाय. मग तापत बसतं आतल्या आत."

पुढे मी भूगोलाची शिक्षिका झाले, रोह्याला नोकरी लागली. समुद्राचा धडा आला की मला मुद्दाम काही आठवावं लागत नाही. उष्ण कटिबंधातल्या समुद्राचं पाणी सगळीकडे सारखं खारट नसतं. जिथे ऊन रखरखीत आणि पाऊस कमी, तिथलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. आपला पश्चिमेचा समुद्र तसा. पूर्वेच्या उपसागरात मोठमोठ्या नद्या येऊन पडतात, पाऊसही भरपूर, म्हणून तिथे खाऱ्यावर गोडसर पाण्याचा थर तरंगत राहतो. वारा ढवळायला बघतो, पण ते दोन्ही सहजी मिसळत नाहीत. उन्हाची ऊब त्या वरच्या थरात कोंडते, कधी त्याच्या खाली दडून बसते. अशा तापलेल्या पाण्यावर वादळं पोसली जातात. आणि पाऊस तरी कुठे एका जागी राहतो? दर काही वर्षांनी दूरच्या महासागरातलं कोमट पाणी आपली जागा बदलतं, कधी आपल्याच महासागराची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापते, मग ढग तिकडे ओढले जातात. एकीकडे दुष्काळ, एकीकडे पूर. पाऊस सरकला की समुद्रातला खारटपणाही सरकतो. कुठे पडला आणि कुठे नाही पडला, हे पाणी आपल्या मिठात धरून ठेवतं. म्हणून शास्त्रज्ञ समुद्रात बुडी मारून वर येणारी यंत्रं सोडतात, आकाशातल्या उपग्रहांकडून पाण्याचा खारटपणा वाचून घेतात. पावसाचं पुढचं काही कळावं म्हणून मागचं मीठ बघतात.

हिवाळ्यात उपसागरातलं ते गोडसर पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या बाजूच्या समुद्रात येतं. नकाशावर मी बाण काढते. बाण वळतो तिथे दरवर्षी माझा खडू जरा थांबतो.

त्या मोसमात मी गावात नव्हते. शाळेच्या परीक्षा तोंडावर होत्या. मीठ असं पिकलं होतं की बाबा फोनवर दुसरं बोलतच नव्हते. मिठागरं एकेक करून बंद पडत होती, शेजारच्यांनी आपली सोडून दिली होती, कुणी तिथे कोळंबीची तळी केली, कुणाची पोरं कंपनीत शिफ्टला जाऊ लागली. आमचंच काय ते उरलं होतं. हा मोसम साधला तर पुढच्या वर्षी बांध नीट करू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि फाल्गुनातच एका पहाटे पाऊस आला. सकाळी उघडीप पडली, वारा पडला, ऊन लागलं. बाबा नेहमीसारखे पलीकडच्या बांधावर फळी काढायला बसले. आई अलीकडे, मिठागरावरच्या झोपडीच्या तोंडाशी चहा ठेवत होती.

तिने मान वर केली तेव्हा ते बसल्या जागी कलले होते. तिला वाटलं, वाकून पाणी बघत असतील. मग ते कुशीवर पडले. तोंड तिच्याकडे होतं, डोळे उघडे. दोघांच्या मध्ये एक खण होता. घोट्याएवढं पाणी, वर गोडं, खाली खारं.

आई धावली. बांधावरून धावली. उघाडीपर्यंत गेली, तिथून वळली, कडेकडेने पलीकडे पोचली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, तिने ठरवलंही नव्हतं. तिचे पाय जन्मभर जसे गेले तसे गेले. ती पोचली तेव्हा बाबांचा श्वास चालू होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "पानी ढवळलं नाय ना?" ती म्हणाली, "नाय." तेवढंच त्यांचं शेवटचं बोलणं झालं. आमचं मीठ उचलणारे इकबालभाई योगायोगाने टेम्पो घेऊन येत होते, त्यांनी बाबांना उचलून घातलं आणि पेणकडे पळवलं. दवाखाना दिसायच्या आधीच सगळं संपलं होतं.

डॉक्टरांनी तिला समजावलं. "काकू, तुम्ही उडत आला असतात तरी काही झालं नसतं." मीही हेच सांगितलं, पहिल्या वर्षी रडत, नंतर शांतपणे, नंतर वैतागून. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सगळी हकिगत सांगायची. चहा, बांध, टेम्पो. आणि "पानी काय ढवळलं नाय" या वाक्यावर थांबायची. लोक म्हणायचे, बाई धीराची. फक्त एकदा, दिवसकार्य झाल्यावर भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता ती बोलली, "तो मना येताना बघत व्हता गो." ती लांबच्या वाटेने येत होती, आणि ते पडल्या पडल्या तिला लांबच्या वाटेने येताना बघत होते. डॉक्टरांकडे याला औषध नव्हतं.

आणि मीठ तर आलं. इकबालभाईंनीच दोन माणसं लावून वरचं गोडं पाणी उतरवलं, आठवडाभरात खालचं पिकलं. पावसाच्या त्या पातळ थराखाली पाणी तापून तापून निघालं होतं, म्हणूनही असेल, पण असं मीठ आमच्या खणात कधी पडलं नव्हतं. पांढरं शुभ्र, दाणा वाटाण्याएवढा. इकबालभाईंनी सगळं उचललं आणि एक बरणी भरून आईसमोर ठेवली. "वहिनी, ह्यो शामरावांच्या हातचा शेवटचा माल हाय. घरात ऱ्हाव दे."

आईने फडकं बांधलं ते बांधलंच. ते मीठ खाववेना. टाकायचं तर त्याहून वाईट, कारण सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. म्हणून ती बरणी नुसती असते. गाव सोडून माझ्याकडे आली तेव्हा एसटीत तिने ती मांडीवर घेतली होती. आणि बाबा गेले त्या दिवसापासून आई अळणी जेवते. नुसतं त्या बरणीतलंच नव्हे, कुठलंच मीठ तिच्या ताटात चालत नाही. मी माझ्यापुरतं वरून घालून घेते. शेजारच्या बायका विचारतात, "काकूंना बीपी हाय काय?" आई म्हणते, "व्हय." तिचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी एकदा चिडून म्हटलं, "आये, तू अळणी खाल्लंस म्हणून बाबा परत येनार नायत." ती म्हणाली, "मना ठाव हाय," आणि पुढचा घास घेतला.

मिठागर पुढच्याच पावसाळ्यात गेलं. उधाणाने बांध फुटला, लिंपायला कुणी नव्हतं. गेल्या महिन्यात इकबालभाई येऊन गेले, मुलगा आखातातून आलेला, त्याने आणलेला खजूर घेऊन. म्हणाले, "वहिनी, जागा वळखाय येत नाय. सगळे तिवर माजलेत. खाडी आत येते नि जाते." आईने विचारलं, "खन दिसतो काय?" ते नाही म्हणाले. ती बराच वेळ खजुराच्या डब्याचं झाकण लावत होती.

मला राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही. अवकाळी पावसाचा राग धरावा तर तो कुठल्या तरी तापलेल्या समुद्रावरून निघालेला असतो, आणि त्या समुद्राला आमचा खण ठाऊक नसतो. बाबांच्या कायद्याचा राग धरावा तर त्याच कायद्याने आम्हाला वाढवलं. सवयीने मीठ वाचवलं आणि सवयीनेच आईला वळसा घालायला लावलं. या दोन गोष्टी मला अजून वेगळ्या करता येत नाहीत.

परवा पाऊस पडून गेला. बरणीचं खरं ठरलं. अष्टमीच्या पुलाखालून गढूळ पाणी जात होतं, रस्त्यावर ओल्या धुळीचा वास होता. दुसऱ्या दिवशी वर्गात समुद्राचा धडा होता आणि मला पाण्याचे दोन थर करून दाखवायचे होते. जेवणाच्या टेबलावर मी काचेचं उभं भांडं घेतलं, पाणी ओतलं, मिठाची पिशवी उपडी केली. त्यात चमचाभर मीठ निघालं. एकटीच्या जेवणाला मीठ लागतं किती, कधी संपलं तेही कळलं नव्हतं. मी चप्पल घालून दुकानात निघाले.

"थांब," आई म्हणाली.

ती आत गेली आणि बरणी घेऊन आली. फडक्याची गाठ भिजून आवळली होती, ती तिने दातांनी सोडली. आतलं मीठ दमट होऊन एक झालं होतं. तिने पळीच्या दांड्याने ते फोडलं आणि मूठभर भांड्यात टाकलं, मग आणखी मूठभर. मी काही बोलले असते तर तिने बरणी परत बांधली असती, अशी मला भीती वाटली.

मीठ विरघळल्यावर मी वाटीत साधं पाणी घेतलं, त्यात जिलबीचा केशरी रंग मिसळला आणि ओतायला गेले. "असं नाय," ती म्हणाली. "पडंल ते." तिने पळी पालथी धरली आणि तिच्या पाठीवरून ते रंगीत पाणी सोडलं, थेंबाथेंबाने, बाबा फळी काढत तितक्या हळू. केशरी पाणी वर पसरलं. खाली स्वच्छ खारं, वर रंगीत गोडं, मध्ये सरळ रेघ. आम्ही दोघी समोरासमोर बसून ते बघत राहिलो. बाहेर पागोळ्या गळत होत्या. वर्गातली पोरं खूश होणार, असं काहीतरी मी म्हटलं.

आईने बांगड्या मागे सारल्या, हात भांड्यात घातला आणि ढवळलं.

रेघ मोडली. केशरी धागे खाली उतरले, फिरले, आणि बघता बघता सगळं पाणी एकाच फिक्या रंगाचं झालं. तिने हात बाहेर काढला. कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं.

"येवडंच," ती म्हणाली. "येवडंच झालं असतं."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, ओलं बोट जिभेला लावलं आणि डोळे मिटून चव घेतली, इतक्या वर्षांनी. तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडू लागली. बाबा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. मी उठून तिच्याजवळ उभी राहिले, तिचं डोकं माझ्या पोटाशी होतं, आणि रडता रडता ती मला एकच गोष्ट सांगत होती, की मी सरळ जायला पायजे व्हतं गो, पान्यातनं, सरळ.

शांत झाल्यावर तिने नाक पुसलं आणि भांड्याकडे पाहिलं. "उद्याचं मोडलं तुझं."

"दुसरं करू."

"कर," ती म्हणाली, आणि बरणी माझ्याकडे सरकवली. "मीठ हाय."